कुत्र्याला दर वेळी गाडी लागते: कॅम्पर व्हॅनमधल्या उलट्यांचं कारण कसं शोधायचं

पहाटे मुंबईहून निघायचं, व्हॅन धुऊनपुसून तयार, मागच्या पलंगावर गोधडी आणि गोधडीवर कुत्रा. खालापूरचा टोल जातो, बोरघाटाची चढण लागते आणि कुत्रा ओकतो. पुढच्या खेपेला त्याला उपाशी नेतात, त्याच्या पुढच्या खेपेला कुणीतरी सांगितलेली गोळी देतात, तरी तेच. शेवटी घरात ठरतं की याला गाडी सोसत नाही. मग माणसं लोणावळ्याला जातात आणि कुत्रा बोर्डिंगमध्ये जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक कुत्र्यांचा हा त्रास थांबवता येतो किंवा निदान पुष्कळ कमी करता येतो. फक्त उलटीवर इलाज करत राहिलं तर तो थांबत नाही. भीती, उकाडा, वास, पोटातलं अन्न, कानाचा विकार आणि गाडीचं डोलणं या सगळ्यांचा शेवट उलटीत होतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. यातलं आपल्या कुत्र्याचं कारण कोणतं हे त्रास सुरू होण्याच्या वेळेवरून बऱ्यापैकी ठरवता येतं.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढू. कुत्रा ओकायचा जोर करतोय पण बाहेर काहीच येत नाही, पोट तट्ट फुगलंय, तो अस्वस्थपणे ऊठबस करतोय, असं दिसलं तर ते गाडी लागणं नव्हे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठर फुगून पीळ बसतो, आणि तेव्हा तासाभराचा उशीरसुद्धा जिवावर बेतू शकतो. सहल तिथेच सोडा आणि जवळचं जनावरांचं हॉस्पिटल गाठा. उलटीत रक्त असेल किंवा गाडी थांबून बराच वेळ झाला तरी उलट्या थांबत नसतील तरीही डॉक्टरच. गाडी लागलेला कुत्रा गाडी थांबल्यावर, चार पावलं चालल्यावर साधारणपणे सावरू लागतो.

आधी फक्त बघा

पुढच्या खेपेला गाडी चालवणाऱ्याखेरीज आणखी एकाने मागे बसावं आणि कुत्र्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवावं. उलटी अचानक होत नाही. आधी तो नाकावरून जीभ फिरवतो, एकदा, दोनदा, मग सारखी. मग आवंढे गिळायला लागतो, गळ्याखालची कातडी वरखाली होताना दिसते. जांभया येतात, त्या झोपेच्या नसतात. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबते आणि गोधडीवर ओला ठिपका मोठा होत जातो. काही कुत्री या टप्प्यावर कुईकुई करतात, काही एकदम गप्प होऊन कोपऱ्यात तोंड खुपसतात. पोट आत ओढलं जायला लागलं की मिनिटभरात उलटी येते.

मोबाइलमध्ये फक्त एवढंच टिपा: पहिली जीभ कुठे फिरली. घराखाली? सायन ते वाशीच्या गर्दीत? पनवेल सोडल्यावर सपाट रस्त्यावर? की थेट घाटात? खरं कारण या एका नोंदीत सापडतं. उलटी घाटात झाली म्हणून घाटाला दोष दिला जातो, पण लाळ चेंबूरपासून गळत असते, ती कुणी पाहिलेली नसते.

इंजिन सुरू व्हायच्या आधीच लाळ गळत असेल

ही भीती आहे. मुंबईतल्या पुष्कळ कुत्र्यांना गाडीत बसवलं जातं ते फक्त डॉक्टरकडे नेताना. दार उघडलं की सुई, एवढंच त्यांना माहीत. त्यात व्हॅनचं सरकतं दार दणकन लागतं, आतली भांडी खडखडतात. एकदा गाडीत ओकलं की पुढच्या वेळी गाडी पाहूनच मळमळायला लागतं, त्यामुळे सुरुवात डोलण्याने झालेली असली तरी पुढे भीती त्याला येऊन मिळते.

इथे गोळी एकटी पुरत नाही. व्हॅन सोसायटीच्या आवारात उभी असतानाच कुत्र्याला तिची सवय लावा. दार उघडं ठेवा, आत त्याची चादर टाका, त्याचं जेवण तिथेच द्या आणि त्याला हवं तेव्हा उतरू द्या. तो स्वतःहून चढायला लागला की दार लावा आणि लगेच उघडा. मग इंजिन चालू करा, गाडी हलवू नका. मग आवारात एक फेरी, मग गल्लीच्या टोकापर्यंत. प्रत्येक फेरीच्या शेवटी त्याच्या आवडीचं काहीतरी हवं: बांद्रा रेक्लमेशनला चालणं किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत हुंगत फिरणं. जीभ फिरू लागली की त्या दिवशी तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जा. याला काही आठवडे लागतात. शनिवारी सहल आहे म्हणून गुरुवारी सुरुवात केली तर काही हाती लागणार नाही.

फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर भीती कमी करणारं औषध देतात. फक्त गुंगी आणणाऱ्या औषधाबद्दल मात्र स्पष्ट विचारा. ॲसिप्रोमॅझिनसारख्या औषधाने कुत्रा ढिला पडतो, पण आतली भीती तशीच राहू शकते, आणि उकाड्यात शरीराचं तापमान सांभाळणंही त्याला जड जातं.

शहरातच त्रास सुरू होत असेल तर वास आणि उकाडा तपासा

घाट अजून दूर आहे, रस्ता सपाट आहे, तरी लाळ सुटलीय. अशा वेळी व्हॅनच्या आत नाक खुपसा. मुंबईत कॅम्पर व्हॅन पावसाळाभर बऱ्याचदा उभीच असते. गाद्यांना बुरशी येते, कपाटांना कुबट वास लागतो, आणि तो घालवायला लोक डांबरगोळ्या ठेवतात. डांबरगोळ्या आधी काढा. नॅफ्थलीनच्या त्या गोळ्या कुत्रा आणि मांजर दोघांनाही विषारी असतात. चाटल्या किंवा गिळल्या तर जीव धोक्यात येतो, आणि वासाने मळमळतं ते वेगळंच. कापराचंही तसंच. डॅशबोर्डवरची मोगऱ्याची किंवा लिंबाची सुगंधी बाटलीही उतरवा. आपल्याला जो वास मंद वाटतो तो बंद गाडीत कुत्र्याला असह्य होऊ शकतो. गाद्या दोन-चार दिवस कडक उन्हात टाका, कपाटं साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, पंखा लावून सुकवा. भाड्याच्या व्हॅनमध्ये कुत्रा नेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा की आत फ्रेशनर मारू नका.

गॅसचा किंवा डिझेलच्या धुराचा वास आत येत असेल तर ती बाब कुत्र्यापुरती नाही. शेगडीची जोडणी आणि एक्झॉस्ट तपासून घेतल्याशिवाय निघूच नका.

उकाड्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या पुढे गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. पुढच्या एसीची हवा चालकाला गार लागते, मागच्या पलंगापर्यंत ती पोचतेच असं नाही. कुत्र्याच्या उंचीवर एक साधा थर्मामीटर चिकटवा आणि पुढे बसून त्याच्या उकाड्याचा अंदाज बांधू नका. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप टाकून अंग गार करणं नीट जमत नाही. त्यांच्या बाबतीत मुंबईची एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधली दुपार प्रवासातून वगळाच.

गाडी उभी करून जेवायला जाताना तर कुत्र्याला आत ठेवूच नका. बाहेर 24 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा 40 च्या वर जातो, आणि काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कॅम्पर व्हॅनवाल्यांचं म्हणणं असतं की आमचा छतावरचा एसी चालू असतो. तो बाहेरच्या विजेवर किंवा बॅटरीवर चालतो. वीज गेली, फ्यूज उडाला, इन्व्हर्टर तापून बंद पडला तर एसी गप्प होतो आणि तुम्हाला आत हॉटेलात ते कळत नाही. आळीपाळीने जेवा. एकाने गाडीपाशी थांबायचं, हे घरातून निघतानाच ठरवून टाका.

धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटतात, असं दिसलं तर सावलीत न्या, साधं नळाचं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे निघा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

घाटातच त्रास होत असेल तर कुत्र्याची जागा बदला

आता खरं गाडी लागणं. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना गाडीच्या आतल्या न हलणाऱ्या भिंती दिसतात. हा मेळ बसत नाही तेव्हा मळमळ होते. पिल्लांमध्ये हा त्रास जास्त असतो आणि वर्षभराचं झाल्यावर त्यातली पुष्कळ त्यातून बाहेर पडतात.

मोठ्या व्हॅनमध्ये कुत्रा कुठे झोपतो याला फार महत्त्व आहे, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या अनेक कॅम्पर व्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. त्यांचा मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच बाहेर लोंबतो, आणि पलंग नेमका तिथेच असतो. म्हणजे आरामाची म्हणून कुत्र्याला दिलेली जागा सगळ्यात जास्त डोलणारी निघते. गाडी वळली की तो भाग बाहेरच्या बाजूला फेकला जातो, खड्ड्यात गेली की वर उडतो. एसटीत मागच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. त्यात पलंग उंच असला तर डुलणं आणखी वाढतं.

सगळ्यात कमी हालचाल असते ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, जमिनीलगत. तिथे क्रेट, म्हणजे कुत्र्याचा प्रवासाचा पिंजरा, ठेवा. टेप घेऊन दोन्ही चाकांमधलं अंतर मोजा, मध्य काढा आणि क्रेट शक्य तेवढा त्याच्या जवळ आणा. पलंगाखालचं खोकं किंवा घडीचं टेबल हलवावं लागलं तर हलवा. क्रेट रॅचेट पट्ट्याने फरशीवरच्या कड्यांना आवळून बांधा. क्रेट असा हवा की कुत्र्याला उभं राहता येईल, वळता येईल, पण वळणावर या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटणार नाही. खाली रबरी चटई आणि वर त्याची जुनी चादर. फरशी घसरडी असेल तर कुत्रा अख्खा घाट पंजे रोवून तोल सांभाळत राहतो आणि दमून जातो.

क्रेट मावत नसेल तर छातीवर बसणारा हार्नेस सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नको, ब्रेक लागल्यावर मानेला हिसका बसतो. मोकळा कुत्रा तर नकोच नको. अचानक ब्रेक लागला की तो स्वतः फेकला जातो आणि पुढच्या माणसालाही इजा करतो. खिडकीतून तोंड बाहेर काढू देणंही थांबवा.

आमच्याकडे जागा बदलल्यावर फरक पडला, पण त्रास पूर्ण गेला नव्हता. तेव्हा गाडी चालवणाऱ्या काकांनी टपाकडे बोट दाखवलं. ‘ताई, वर एवढं ओझं असलं की गाडी झोल खाणारच. ते खाली घ्या, मग बघा.’ वर पाण्याचे कॅन, तंबू आणि खुर्च्या होत्या. ते सगळं खाली, सीटखाली आणलं. त्यानंतर वळणांवरचं डुलणं मलाही कमी जाणवायला लागलं, आणि आमचा कुत्रा बंड्या बोरघाटात जिथे अमृतांजन पूल होता त्या वळणावरूनही डोकं पंजांवर ठेवून गेला. काकांना मी एवढंच म्हटलं होतं, ‘वेग वळणाच्या आधी कमी करा काका, वळणात ब्रेक नको.’ ते त्यांनी मनावर घेतलं. माणसांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलंय की पाचेक सेकंदांत एकदा असं संथ वरखाली हलणं मळमळीला सर्वात पोषक ठरतं. उंच, जड, मऊ स्प्रिंगची व्हॅन घाटात अशीच संथ झुलते. म्हणून टायरमधली हवा आणि शॉक ॲब्सॉर्बरही बघून घ्या. गळके शॉक बदलणं हा कुत्र्याच्या उलटीवरचा इलाज वाटत नाही, पण आहे.

रस्ता निवडायची मुभा असेल तर तीही वापरा. नाशिककडे जाताना कसाऱ्याची वळणं टाळता येतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, आणि त्यातला जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा घाटाखालून जातो. कोकणात कशेडीलाही आता बोगदा आहे. माळशेज किंवा वरंधा नव्या कुत्र्यासाठी नकोत, सवय झाल्यावर बघू.

आधी कधी त्रास नव्हता, आता अचानक सुरू झाला

वयात आलेल्या कुत्र्याला एकदम गाडी लागायला लागली तर कान बघा. मुंबईच्या दमटपणात, विशेषतः पावसाळ्यात, लॅब्रेडॉर आणि कॉकर स्पॅनियल अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानाचा संसर्ग सहज होतो. कान उचलून हुंगा. आंबूस वास, तपकिरी मळ, डोकं एका बाजूला कलणं, सारखं कान खाजवणं यातलं काही असेल तर प्रवास पुढे ढकला आणि आधी कान दाखवा. संसर्ग आतल्या कानापर्यंत गेला असेल तर तोल बिघडतो आणि सपाट रस्त्यावरही उलटी होते. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय 1883 पासून मुंबईतल्या जनावरांवर उपचार करतंय. नेहमीचे डॉक्टर नसतील तेव्हा असं एखादं ठिकाण माहीत असलेलं बरं.

खाणं आणि गोळी

खाण्याचं थोडक्यात. पहाटे निघायचं असेल तर शेवटचं पोटभर जेवण आदल्या रात्री. सकाळी पाणी घोट घोट. लहान पिल्लू आणि मधुमेही कुत्रा यांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवा. वाटेत थांबल्यावर वडापावचा तुकडा कुणीतरी प्रेमाने पुढे करतं, तेवढं थांबवा. तळलेलं तर आहेच, शिवाय वड्यात लसूण असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही. दर दीड-दोन तासांनी उतरवून चालवा, पट्टा हातात घट्ट धरून, ट्रक उभे असतात त्या बाजूपासून लांब.

गोळीबद्दल मात्र सविस्तर सांगते. आपल्यासाठी आणलेली प्रवासाची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणं सर्रास चालतं. देऊ नका. प्रमाण वेगळं, कुत्र्याचं वजन वेगळं, आणि काही औषधं त्याला सुस्त करतात पण मळमळ तशीच ठेवतात. कुत्र्यांच्या गाडी लागण्यावर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे. ते डॉक्टर वजनावरून ठरवून देतात, आणि निघण्याच्या निदान 2 तास आधी द्यावं लागतं. इथेच अनेकांचं औषध वाया जातं: गोळी गाडीत चढताना दिली जाते, असर व्हायच्या आत घाट येतो आणि मग औषध कुचकामी म्हणून पुढच्या वेळी टाकून देतात. पहाटे 5 ला निघायचं तर 3 चा गजर लावा. अगदी उपाशीपोटी दिलं तर काही कुत्री गोळीच ओकून टाकतात. चिमूटभर खाण्यात लपवून दिली की बहुधा टिकते. पण ती चरबीत किंवा चीजमध्ये गच्च गुंडाळू नका, विरघळायला वेळ लागतो. भीतीची लाळ या औषधाने थांबत नाही, ती आधी सांगितलेल्या सवयीनेच जाते.

उलटी झालीच तर रागावू नका, त्याच्या हातात काही नसतं. सुरक्षित जागा बघून थांबा, उतरवा, थोडं चालवा, गोधडी बदला. लगेच वाडगाभर पाणी पुढे केलं तर तो घटाघटा पितो आणि तेच पुन्हा ओकतो. अर्ध्या तासाने दोन-तीन घोट, ते टिकले की आणखी. मुक्कामी पोचल्यावर मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाल्याशिवाय. द्रुतगती मार्गाच्या कडेला मात्र गाडी थांबवू नका. पुढच्या फूड मॉलपर्यंत दम धरा, त्यासाठी दोन जुन्या चादरी आणि एक झाकणाची बादली हाताशी ठेवा.

मांजरालाही गाडी लागते, पण ते फारसं दाखवत नाही. ओरडतं, लाळ गाळतं किंवा पिंजऱ्यातच शी करतं. त्याचा पिंजराही चाकांच्या मधे, खाली, पट्ट्याने बांधलेला आणि तीन बाजूंनी पातळ कापडाने झाकलेला हवा. व्हॅनचं दार उघडण्यापूर्वी पिंजरा बंद आहे ना ते बघायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. अनोळखी जागी निसटलेलं मांजर हाकेला येत नाही.

परतीच्या दिवसाचा विचार निघण्यापूर्वीच करा. जाताना सगळं नीट सांभाळलेलं असतं. येताना रविवारची दुपार, पोटभर जेवलेला कुत्रा, घाटात उतरणीची रांग, दर मिनिटाला ब्रेक, आणि गोळी घरीच राहिलेली. गाडी लागण्यासाठी मॅरोपिटंट सलग किती दिवस द्यायचं याला मर्यादा आहे, म्हणून डॉक्टरांना जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही तारखा सांगून परतीची गोळी मागून घ्या. रविवारी दुपारऐवजी सोमवारी पहाटे निघता येत असेल तर रजा टाका, कारण सलग चालणाऱ्या गाडीत कुत्रा जितका शांत झोपतो तितका ब्रेक मारत सरकणाऱ्या गाडीत झोपत नाही. आणि त्याचं सकाळचं जेवण निघण्याआधी नाही, घरी पोचल्यावर.